बकुळा आत येते

टिपण तीन पानांचं हवं होतं. पहिल्या पानावर कादंबरीतलं जग, दुसऱ्यावर माणसं, तिसऱ्यावर शेवटचा प्रसंग.

"शेवट असा लिही की मला तो दिसला पाहिजे," संयोगिता मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या. "आमच्याकडे वर बसलेले लोक पुस्तक वाचत नाहीत. टिपण वाचतात. त्यातही तिसरं पान."

मॅडम मुंबईच्या एका कंपनीत होत्या. मालिका काढणारी कंपनी. त्यांना मराठीतल्या जुन्या अद्भुत कादंबऱ्या हव्या होत्या, राक्षस, गुहा, मंतरलेल्या तलवारी, जे काही असेल ते, आणि त्यातली कुठली टीव्हीवर शोभेल ते सांगणारं माणूस हवं होतं. दानू व्हायच्या आधी मी कोल्हापुरातल्या एका वाचनालयात कामाला होते. तिथल्या ग्रंथपालांनी माझा नंबर दिला. "ह्या सुष्मितानं आमची कपाटंच्या कपाटं वाचून रिकामी केल्यात," असं म्हणाले म्हणे.

दानू म्हणजे दानेश्वरी, माझी लेक, चार वर्षांची. ती दुपारी झोपते तो दीड तास माझा. त्यातला निम्मा धुणं-भांडी नेतात. उरलेल्या वेळात, आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या मधे, आणि ती बाथरूममध्ये बादलीशी खेळत असताना दारात पाटावर बसून, मी दोन महिन्यांत अकरा कादंबऱ्या वाचल्या.

वाचताना कळत गेलं की चांगली कादंबरी निराळी आणि चांगली मालिका निराळी. एकीत राजकुमार अडीचशे पानं झाडाखाली ध्यानाला बसलेला आणि सगळी युद्धं त्याच्या डोक्यात. वाचायला इतकी गोड की मी दोनदा वाचली. पण कॅमेरा लावून बघायचं काय, तर झाडाखाली बसलेला माणूस. दुसरीत दर चार पानांना नवा राक्षस. पहिल्याला आपण दचकतो, सातव्याला जांभई देतो. तिसरीत शाप, उःशाप, उडते हत्ती, सगळं होतं, पण परत परत जावंसं वाटेल असं ठिकाण नव्हतं. मालिका बघणारा माणूस रोज त्याच गावाला जातो. तिथं कुणाच्या तरी घरात चूल पेटलेली पाहिजे, कुणीतरी कुणावर तरी करवादलेलं पाहिजे. आणि शेवटची कसोटी दानू. भात भरवताना गोष्ट सांगायची आणि मधेच थांबायचं. घास गालात तसाच ठेवून तिनं "मग?" विचारलं की समजायचं, ही चालणार.

सगळ्यात जास्त "मग?" मिळाले ते 'बुडता गड' या कादंबरीला.

ती मी अकरा वर्षांची असताना गडहिंग्लजच्या शाळेत पहिल्यांदा वाचली होती. डोंगरावरच्या तळ्यात एक गड. दर आषाढात तो बुडतो आणि दिवाळीच्या तोंडावर वर येतो. आतली माणसं आत सुखरूप असतात. भाकऱ्या थापतात, लग्नं लावतात, डोक्यावरून मासे जाताना बघतात. फक्त महादरवाजा बाहेरून लावावा लागतो. त्याचा वरचा हातभर भाग तेवढा पाण्याबाहेर उरतो आणि बाहेर राहिलेल्या माणसानं त्यापाशी बसून राखण करायची. त्या माणसासाठी ते चार महिने म्हणजे अख्खा जन्म. दार ठोठावायचं नाही, कारण ठोठावलं तर आतले मायेनं उघडतील आणि पाणी आत शिरेल. म्हणून दरवर्षी गडावरचं सगळ्यात म्हातारं माणूस बाहेर जातं. त्या वर्षी ते ऐन वेळी मरतं. पाणी उंबऱ्याला लागलेलं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, आणि बारा वर्षांची बकुळा पळत बाहेर जाते आणि दार ओढून घेते. आत तिचा धाकटा भाऊ, भैरू.

दिवाळीला गड वर येतो. आतून दार उघडतात. बाहेर कुणी नसतं. दाराच्या वरच्या फळीवर मात्र हातांचे ठसे असतात, चिखलात हात बुडवून उठवलेले. पहिले लहान मुलीचे. मग मोठे होत गेलेले. मग बोटं वाकडी झालेले. भैरू शेवटच्या ठशाला हात लावायला उडी मारतो. त्याचा हात पोचत नाही.

तिथं कादंबरी संपते. मी अकराव्या वर्षी ते पुस्तक बंद करून दोन दिवस जेवले नव्हते. आई म्हणाली होती, असली पुस्तकं आणत जाऊ नगंस.

पुढं वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे इमाम शिकलगार सर म्हणजेच त्या कादंबरीचे लेखक, हे मला तिथं लागल्यावर सहा महिन्यांनी कळलं. गारगोटीच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. एकच कादंबरी लिहिली, पाच उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत. ती छापणारा छापखाना कधीच बंद पडला. मी त्यांना एकदा विचारलं, सर, शेवट असा का केला? आम्हा पोरांना किती रडवलंत.

"मी शेवट आधी लिवला गं," सर म्हणाले. "त्यो लिवल्यावर मग बाकीचा गड बांधला."

मग त्यांनी त्यांच्या आपाबद्दल सांगितलं. थोरली बहीण, हुसेनबी. आई-वडील लवकर गेले. आपाला पाचवीतून काढलं आणि ती तंबाखूच्या वखारीत जायला लागली, सरांची शाळा चालू राहावी म्हणून. सर शिक्षक झाले, गारगोटीला नोकरी लागली, आणि तिला आणायला गेले तेव्हा ती चौतिसाव्या वर्षी म्हातारी झालेली होती. वर्षभरात गेली. "तिचा फोटू न्हाय कुठं," सर म्हणाले. "हात तेवढे लक्षात ऱ्हायले. पिवळे झालेले. बोटं अशी." आणि त्यांनी स्वतःची बोटं वाकवून दाखवली.

हे सगळं मला माहीत होतं. माझी चूक सांगताना हे आधी सांगायला हवं, की मला सगळं माहीत होतं.

दानूला गोष्ट सांगताना मी बकुळेला आत आणली. पहिल्याच दिवशी. दार ओढून घेतलं इथपर्यंत आले तर तिचा ओठ बाहेर आला आणि घास गालातून खाली पडला. काय करणार. म्हटलं, आणि मग दिवाळीला दार उघडलं, तर बकुळा दारात उभी. आहे तशीच. भैरू तिला हाताला धरून आत नेतो आणि तूप घालून गरम भात देतो. दानूनं तेवढ्यात चार घास खाल्ले. मग ते रोजचंच झालं. मॅडमचा फोन यायच्याही आधीपासून, आठ महिने, दिवसातून दोनदा, बकुळा आत येत होती आणि माझी पोरगी जेवत होती.

टिपणं द्यायच्या आठवड्यात दानूला गालगुंड झालं. ताप, कान धरून रडणं. माझं पुस्तक झेरॉक्सच्या दुकानात, मुंबईला पाठवायची प्रत काढायला. दानू मांडीवर झोपलेली असताना मी मोबाइलवर एका अंगठ्यानं 'बुडता गड'चं टिपण लिहिलं. इतर दहांपेक्षा ते लवकर झालं. पुस्तक पाठ होतं ना. लिहिलं आणि पाठवलं आणि तिच्या कपाळावरची पट्टी बदलली.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन. "सुष्मिता, तिसरं पान वाचून आमच्याकडे एक माणूस रडला. तो रडणारा माणूस नाहीये."

मला वाटलं, रडणारच. सरांनाही तसं कळवलं.

सह्या करायला मॅडम कोल्हापूरला आल्या. बिंदू चौकामागच्या बोळात सरांचं घर, जिना चढून दोन खोल्या. सरांची नजर आता मधोमध काळी पडलीय, कडेनं थोडं दिसतं. म्हणून ते तुमच्याशी बोलताना भिंतीकडे बघतात. त्यांच्या बायकोनं, सलिमाचाचींनी, नवे कप काढले होते. कागद इंग्रजीत, चौदा पानं. मॅडम एकेक कलम सांगत होत्या आणि सर मान हलवत होते.

"बाकी काय बी करा," सर शेवटी म्हणाले. "गड ल्हान करा, मोठा करा, गाणी घाला. माझं काय म्हणणं न्हाय. शेवट तेवढा ठेवा."

"सर," मॅडम म्हणाल्या, "शेवटासाठीच तर घेतोय आम्ही."

सरांनी चाचींना हाक मारली. "ऐकलंस का? शेवटासाठी घेत्यात म्हणं." चाचींनी त्यांचा हात धरून सहीच्या जागेवर नेऊन ठेवला. मी खारीची बशी पुढं सरकवली. खोलीतल्या चौघांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं.

सरांनी सगळ्या गल्लीत सांगितलं. पेपरवाल्याला, खालच्या बेकरीवाल्या वसीमला, मशिदीतल्या मंडळींना. हुसेनबी आपाचे हात आता टीव्हीवर दिसणार. गल्लीतल्या जुन्या माणसांना आपा आठवायची सुद्धा नाही, पण ते माना डोलवायचे.

दोन महिन्यांनी मॅडमनी दहा भागांचा आराखडा पाठवला. बालवाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी फाटकाबाहेर, दप्तरं आणि छत्र्या धरून उभ्या असलेल्या बायकांत, मोबाइलवर वाचत उभी होते. छान केलं होतं. गडावरची स्वयंपाकघरं, पाण्यातून येणारा हिरवा उजेड, भैरू आणि बकुळेची भांडणं. दहावा भाग. दार उघडतं. बकुळा उभी. भैरू तिला आत नेतो. गरम भात.

मी वाचलं आणि मान डोलवली. बरोबर आहे, असं मनात म्हणाले सुद्धा.

फाटक उघडलं, पोरं बाहेर आली, दानू येऊन पायाला बिलगली. आणि मग आठवलं, हा भात पुस्तकातला नाही. मी तिथंच फाटकाच्या कट्ट्यावर बसले. माझं टिपण शोधून काढलं. तिसरं पान. तूपसुद्धा होतं त्यात.

घरी येऊन पुस्तक काढलं. पान चारशे नऊ. बाहेर कुणी नव्हतं.

मॅडमना फोन लावला. दानू खालून ओढत होती, भूक लागली म्हणून.

"मॅडम, शेवट चुकलाय."

"कुठे? तुझ्या टिपणाप्रमाणेच आहे."

"टिपणच चुकलंय. पुस्तकात ती परत येत नाही. ती म्हातारी होऊन मरते. ठसे राहतात फक्त. मी पोरीला गोष्ट सांगताना बदलत होते, तेच लिहिलं गेलं."



"तू चेष्टा करतेयस."

"नाही."

"प्रत पाठवली होतीस की तू. कुणी वाचली नाही का..." त्या थांबल्या. कुणी वाचली नव्हती. त्यांनीही नाही. "सुष्मिता, ऐक. तू चुकलीस, पण चांगली चुकलीस. मुलगी मेली असती तर ही मालिका झालीच नसती. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघायची म्हणून मंजूर झालीय. दुसरा सीझन बकुळेचा आहे. ती बाहेर असताना काय काय घडलं त्याचा. मुलगी निवडली आहे आम्ही. साताऱ्याची आहे, दात पडलेला, इतकी गोड."

"सर म्हणाले होते, शेवट ठेवा. तुम्ही हो म्हणालात."

"मी ज्या शेवटाला हो म्हणाले तो ठेवलाय."

"कागदात काही..."

"कागदात लिहिलंय की बदल आम्ही करू शकतो. सगळ्यांच्याच कागदात असतं ते." मग आवाज मऊ झाला. "मी वाईट नाहीये गं. आता माझ्या हातात नाही. वर जाऊन सांगितलं तर सगळंच थांबेल, आणि मग सरांच्या गडाचा एक दगड पण कुणी बघणार नाही. त्यांना तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. राजशेखर शिरोलीच्या फौंड्रीत आहे, घरी येतो तेव्हा कानात अजून भट्टीचा आवाज असतो, म्हणून मोठ्यानं बोलतो.

"सांगूच नगंस," तो म्हणाला. "त्यास्नी कुठं दिसतंय टीव्ही."

"ऐकू येतंय की."

"मग काय सांगणार? जाऊन रडणार तिथं? म्हातारा माणूस खुशीत हाय तर ऱ्हाऊ दे की चार दिवस."

"मालिका लागल्यावर?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मोडून तसाच ठेवला. "तवाचं तवा," म्हणाला. पण नंतर ताट उचलताना हळू आवाजात म्हणाला, "चुकून झालंय गं. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. मग निदान परत मुद्दाम उलटं करता आलं असतं.

मी तीन पत्रं लिहिली कंपनीला. दानूच्या झोपेत एक, बालवाडीच्या फाटकाबाहेर दुसरं, तिसरं कणीक मळता मळता मनात आणि मग हात धुऊन कागदावर. ठसे निदान एका भागात दाखवा. निदान शेवटी नावांच्या पाट्या येतात त्यांच्या मागे दाखवा. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं की तुमची सूचना नोंदवली आहे. तिसऱ्याला काहीच आलं नाही.

मग एका शनिवारी बालवाडीला सुट्टी होती आणि सरांचा फोन आला. "येतीस का गं? जरा काम हाय. पुस्तक घिऊन ये."

दानूला घेऊनच गेले. रस्त्यात मनाशी वाक्य जुळवत होते. सर, एक सांगायचंय. सर, माझ्याकडून एक झालंय. दानू हात सोडून पुढं पळत होती आणि दर गाडीला मला वाक्य सोडून तिला धरावं लागत होतं.

सर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. चाचींच्या हातात मोबाइल.

"मी काय म्हणतो," सर म्हणाले, "त्या मुंबईच्या पोरांना शेवट वाचायचा कसा ते कळाय पायजे. कुठं थांबायचं, कुठं न्हाय. मला तर आता दिसत न्हाय. तू वाच, सलिमा रेकॉर्ड करंल, आणि धाडून दे. म्हंजे ॲक्टर लोकांस्नी उपयोग व्हईल."

"सर, त्याआधी..."

"आधी वाच. चहा मागनं."

"दाबू का?" चाची म्हणाल्या. "लाल गोल हाय त्योच ना?"

चाचींनी दाबलं. आता बोलले असते तर तेही त्यात गेलं असतं. मी पुस्तक उघडलं. दानू मांडीवर येऊन बसली. तिला कोण काय वाचतंय हे कळायच्या आत मी सुरू केलं होतं.

"'दार उघडलं,'" मी वाचलं. "'बाहेर कुणी नव्हतं. पायरीवर ऊन होतं आणि शेवाळ. भैरूनं हाक मारली. तळ्यानं ती हाक घेतली आणि परत दिली नाही.'"

"हितं थांब," सर म्हणाले. "दोन श्वास. मग फुडं."

मी दोन श्वास थांबले. मांडीवर दानू ताठ झाली होती.

"'मग त्यानं वर पाहिलं. फळीवर हात होते. पहिला हात त्याच्या ओळखीचा होता. त्याच हातानं त्याला पाण्याच्या उंबऱ्यावरून आत ढकललं होतं. पुढचा हात थोडा मोठा. त्यापुढचा...'"

"असं नसतंय," दानू म्हणाली.

"गप बस बाळा."

"असं नसतंयच. ती आत येती." तिनं मान वळवून सरांकडे पाहिलं, कारण मी चुकतेय हे मोठ्या माणसाला सांगायला हवं होतं. "आजोबा, बकुळा आत येती. भैरू तिला भात देतोय. तूप घालून."

सर हसले. "व्हय? कुणी सांगितलं तुला?"

"मम्मीनं."

"आणि टीव्हीत पण तसंच हाय," दानू म्हणाली. "मम्मी फोनवर रडत हुती."

सर भिंतीकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडे. हसू अजून तोंडावर राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

मी सांगितलं. गालगुंड, एक अंगठा, तिसरं पान, सगळं. जुळवलेली वाक्यं त्यात कुठंच बसली नाहीत. दानू माझ्या बांगड्या मोजत होती.

"म्हंजे पुस्तक त्यांनी वाचलंच न्हाय," सर म्हणाले.

"न्हाय सर."

"त्या बाईनं पण?"

"न्हाय."

"मग रडलं म्हणत हुतीस ते कशाला रडलं?"

"माझ्या शेवटाला."

खाली वसीमच्या बेकरीत कुणीतरी पाव मागत होतं, कालचा नको, आजचा दे.

"बंद कसं करायचं गं हे?" चाचींनी विचारलं. मोबाइल अजून त्यांच्या हातात, सगळं टिपत होता. मी बंद करून दिला. त्या सरांच्या बाजूला टेकल्या. "एक बोलू का? पोरगी जगली तर काय बिघडलं? जगू दे की बिचारी. तुमच्या त्या पुस्तकात तर जगली न्हाय, टीव्हीत तरी जगू दे."

"सलिमा, गप बस."

"पंचेचाळीस वर्सं गपच हाय की."

"आपा आत आली असती," सर म्हणाले, चाचींना नाही, मला नाही, "तर मी कशाला लिवलं असतं?"

मी म्हटलं, सर, आपण पत्र लिहू. तुम्ही सांगा, मी लिहिते. 'माझं नाव काढा' असं तुमच्याकडून सांगू. मालिकेवर तुमचं नावच नको. एवढं तरी त्यांना ऐकावं लागेल.

ते विचार करत होते. मला वाटलं आता हो म्हणतील. हो म्हणाले असते तर मला काहीतरी करायला मिळालं असतं.

"न्हाय," ते म्हणाले. "गल्लीत सगळ्यास्नी सांगून बसलोय. आता नाव न्हाय म्हटल्यावर म्हणतील, मास्तरला येड लागलंय. आणि सही केलीया मी. माझ्या हातानं." त्यांनी हात मांडीवर पालथा ठेवला. "तू काय वंगाळ केलं न्हाईस, बाळ. पोर जेवत न्हवतं, तू जेववलंस. मला कळतंय. पण कळून काय उपयोग हाय का?"

"न्हाय सर."

"न्हाय ना." त्यांनी दानूच्या दिशेनं हात केला. "हिकडं ये गं. तुझी बकुळा आत आली. मग काय करती?"

दानू माझ्या मांडीवरून उतरून त्यांच्या गुडघ्याला टेकली. "भात खाती."

"मग?"

"मग झोपती. भैरूजवळ. एकाच वाकळंत."

"बरं. आणि फुडच्या आषाढात? गड तर परत बुडणार. म्हातारी माणसं सगळी मेली असं समज. बकुळा तर आत झोपलीया. दार कोण लावणार?"

हा प्रश्न दानूला मी कधी पडू दिला नव्हता. तिनं खरोखर विचार केला. एक पाय दुसऱ्या पायावर घासत, चाचींच्या कपाटातल्या कपांकडे बघत.

"मम्मी लावंल," ती म्हणाली.

"मम्मी?"

"व्हय. मम्मी मोठी हाय. तिचा हात पोचतोय." आणि ती चाचींकडे वळली. "मला खारी."

चाची उठल्या. सरांनी पुस्तक चाचपलं, मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पान चारशे नऊच असेल असं समजून मधेच कुठंतरी उघडलं आणि त्या पानावर तळवा ठेवला. ते कुठलं पान होतं ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, सर, येते मी.

"बस," ते म्हणाले. "चहा टाकलाय."

चहा टाकलेला नव्हता. चाची आत डब्यातून खारी काढत होत्या, गॅस बंद होता. मी उठून आत गेले, पातेलं शोधलं, पाणी ठेवलं. बाहेरून सरांचा आवाज येत होता, हळू, शाळेत पहिल्या बाकावरच्या पोराला विचारावं तसा. मम्मी बाहेर बसल्यावर तुला जेवाय कोण घालणार, आँ? आणि दानू तोंडात खारी धरून, विचार करत, मला ऐकू येणार नाही असं काहीतरी सांगत होती.